ड्रायव्हरबाईंची मोटरहोम

हॉलमधला सोफा भिंतीला सारून मिलिमीटररावांनी फरशीवर खडूने तिसरी मोटरहोम काढली, तेव्हा बायको हातात चहाचा कप घेऊन रेघेबाहेर उभी होती.

"अहो, हिला दार ठेवलंय, की मी भिंतीतून आत येऊ?"

"डावीकडून ये. पायरी आहे, जपून. आणि आत आल्यावर वाक, वर कपाट आहे."

बायको वाकली, नसलेल्या कपाटाखालून आत आली आणि नसलेल्या टेबलावर कप ठेवायला निघाली, तो त्यांनी वेळेवर धरला. गेला महिनाभर त्या घरात हेच चाललं होतं. पूल बांधणाऱ्या कंपनीत पस्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस निवृत्त झाला की तो स्वस्थ बसेल, ही अपेक्षाच चुकीची. ऑफिसात त्यांना मिलिमीटरराव म्हणत ते उगाच नाही. लग्नाच्या अल्बममधले फोटोही त्यांनी पट्टी लावून चिकटवले होते.

बायको शहर बससेवेत ड्रायव्हर. तेरा नंबरच्या मार्गावर तीस वर्षं बस चालवली आणि पुढच्या महिन्यात तीही निवृत्त होणार होती. मग दोघांनी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायची, जंगलाकाठी, तळ्याकाठी मुक्काम करत हिंडायचं, असं मिलिमीटररावांनी ठरवलं होतं. त्यांनी ठरवलं होतं, हे महत्त्वाचं. बायको नुसती "बघू" म्हणायची, आणि तिचं "बघू" म्हणजे काय हे त्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांनंतरही नीट कळलं नव्हतं. शेवटी तिनेच एक दिवस तुकडा पाडला.

"गुरुवारी माझी सुट्टी आहे. एकदाच येईन बघायला. पटली तर पटली. नाही पटली, तर हा विषय बंद. आणि फरशी तुम्ही पुसायची."

मिलिमीटररावांनी त्याच रात्री प्रश्नांची यादी करायला घेतली. आयुष्यभर दोघांच्या सुट्ट्या कधी एका दिवशी आल्या नव्हत्या. आता कुठे जुळत होतं, आणि सगळं एका गुरुवारावर येऊन ठेपलं.

गुरुवारी दोघं शहराबाहेरच्या शोरूममध्ये पोचले. मिलिमीटररावांच्या पिशवीत टेप, पातळी तपासायची पाणसळ आणि त्रेचाळीस प्रश्नांची यादी. विक्रेता टाय लावलेला, गोड बोलणारा. त्याने थेट सगळ्यात मोठी गाडी दाखवली. सहा जणांची झोपायची सोय, जेवायचं टेबल, शेगडी, बाथरूम.

"मॅडम, एक चक्कर मारून बघा. पुढच्या चौकातून वळायचं आणि परत. पाच मिनिटं."

ड्रायव्हरबाई सीटवर बसल्या, आरसे नीट केले. विक्रेता शेजारी बसला. मिलिमीटरराव म्हणाले, "मी मागे बाथरूमची आतली रुंदी घेतो. दार लावूनच घ्यावी लागते, नाहीतर माप चुकतं."

घोटाळा सुरू झाला तो चौकात. विक्रेता "उजवीकडे" म्हणाला, पण बाईंचे हात डावीकडे वळले. सीट बसइतकीच उंच, समोरची काच तेवढीच रुंद, आणि तो चौक म्हणजे तेरा नंबरच्या मार्गाचं पहिलं वळण. तीस वर्षांत त्या चौकातून त्या उजवीकडे कधी वळल्याच नव्हत्या.

"मॅडम, आपल्याला परत..."

"चालू गाडीत ड्रायव्हरशी बोलू नका," बाई म्हणाल्या. त्या आवाजापुढे भलेभले गप्प होत.

पहिल्या थांब्यावर पाच-सहा माणसं पाऊण तास ताटकळत होती. बाईंची सुट्टी म्हणून बदलीचा ड्रायव्हर होता आणि त्याच्या बसचा पत्ता नव्हता. बाईंना थांब्यावर माणसं दिसली आणि पायाने आपणहून ब्रेक दाबला, बोटाने दाराचं बटण दाबलं. गाडी अशी कशी, हे कोणी विचारलं नाही. लोकांचा भरवसा गाडीवर नव्हताच, ड्रायव्हरवर होता.

"आल्या बाई!" म्हणत शिंपीणबाई कपड्यांची दोन गाठोडी घेऊन चढल्या आणि त्यांनी ती समोरच्या दाराला टेकवून ठेवली. त्यावर सुताराने हत्यारांची पेटी ठेवली. ते दार बाथरूमचं होतं.

आत मिलिमीटरराव सत्त्याहत्तर सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर असं लिहून बाहेर यायला निघाले, तर दार हलेना. त्यांनी ठोठावलं.

"आत कोणीतरी आहे हो," शिंपीणबाई म्हणाल्या.

"विनातिकीट असणार," सुतार म्हणाला. "बाईंनी कोंडून ठेवलाय. बरं केलं."

"अहो, मी नवरा आहे!" आतून आवाज आला.

"पकडल्यावर सगळे असंच काहीतरी सांगतात," सुताराने निकाल दिला.

पुढच्या थांब्यावर आणखी चार जण चढले. रात्रपाळी करून निघालेली नर्स वरच्या पलंगावर आडवी झाली ती लगेच घोरू लागली. गाण्याच्या मास्तरांनी जेवणाच्या टेबलाशी ऐसपैस बसून पेपर उघडला. "बससेवेने सुधारणा केली म्हणायची," ते म्हणाले. विक्रेत्याने मागे वळून पाहिलं आणि टाय सैल केला.

मिलिमीटररावांनी आरडाओरडा केला असता, पण हातातली पाणसळ त्यांनी मघाशी बेसिनच्या कडेवर ठेवली होती आणि आता त्यांचं लक्ष तिकडे गेलं. गाडी वळत होती, थांबत होती, पुन्हा निघत होती, आणि पाणसळीतला बुडबुडा मधल्या दोन रेघा सोडायला तयार नव्हता. जरासा सरकायचा, पुन्हा जागेवर. मिलिमीटररावांनी डोळे बारीक केले. ब्रेक कधी लागला तेसुद्धा कळत नव्हतं.

मग ते बायकोचा आवाज कान देऊन ऐकू लागले.

"मास्तर, पुढे खड्डा आहे, टेबल धरा." खड्डा आला, मास्तरांच्या पेपरची घडीही मोडली नाही. "आजोबा, घाई नाही, दुसरा पाय वर आला की मगच निघते." "ताई, मुलीचा निकाल लागला का? लागला? मग आधी सांगायचं नाही का!" एका थांब्यावर कोणीच नव्हतं, तरी गाडी थांबली. "पुस्तकाच्या दुकानातल्या बाई येतायत, त्यांना पळायला लावू नका." अर्ध्या मिनिटाने धापा न टाकता कोणीतरी चढलं.

मिलिमीटररावांचं ऑफिस घरापासून चालत सहा मिनिटांवर होतं. तेरा नंबरच्या बसमध्ये ते एकदाही चढले नव्हते. संध्याकाळी बायको दमून यायची, तेव्हा ते म्हणायचे, "रोज तोच तर रस्ता." आत्ता, कमोडच्या झाकणावर बसून, त्यांना त्या वाक्याची लाज वाटली. आपण पस्तीस वर्षं कागदावर मिलिमीटर सांभाळले, ही माणसांनी भरलेल्या बसमध्ये सांभाळत होती, आणि आपल्याला पत्ता नाही. त्यांना बायकोचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी दार ठोठावणं सोडून दिलं.

शेवटचा थांबा मंडईच्या फाटकाशी. तिथे बससेवेचा तपासनीस वही घेऊन उभा होता. मोटरहोममधून अकरा जण "येतो बाई" म्हणत उतरलेले त्याने मोजले.

"बाई, आज तुमची सुट्टी ना? आणि ही कुठली बस?"

बाईंनी स्टिअरिंगकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, विक्रेत्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात कपाळाला लावले. "अगंबाई! माझा नवरा कुठाय?"

सगळ्यात शेवटी उतरायला राहिलेल्या सुताराने पेटी आणि शिंपीणबाईंनी गाठोडी उचलली, तेव्हा दार उघडलं. सुतार ओशाळला. "खरंच नवरा होता की हो!"

परत येताना बाई आरशातून मागच्या रिकाम्या पलंगांकडे पाहत होत्या. मिलिमीटरराव मनात म्हणाले, संपलं. तीस वर्षं माणसं वाहून वाहून दमलेल्या बाईला आपण सहा जणांची आणखी एक बस दाखवली. कोणत्या तोंडाने मत विचारायचं?

शोरूमच्या आवारात उतरून बाई तडक कोपऱ्यातल्या सगळ्यात छोट्या गाडीपाशी गेल्या. मिलिमीटररावांनी ती पहिल्याच दिवशी गाड्यांच्या यादीतून उडवली होती.

"यात किती माणसं?"

"दोनच, मॅडम," विक्रेता खालच्या आवाजात म्हणाला. "तिसऱ्याला जागाच नाही."

"मग हीच."

मिलिमीटररावांचा कानांवर विश्वास बसेना. विक्रेत्याचा तर अजिबात नाही. त्याने लगबगीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं. बाई गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढल्या, खिडकीशी बसल्या आणि काच खाली केली.

"अगं, मग चालवणार कोण?" मिलिमीटररावांनी विचारलं. त्रेचाळीस प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न नव्हता.

"तुम्ही."

"मी? मला सायकलसुद्धा धड येत नाही!"

"शिका. तीस वर्षं मी फक्त समोर पाहिलंय. आता बाजूला काय काय असतं ते मला बघायचंय. आणि तुमच्यासारखा माणूस चालवायला बसला, तर गाडी रेघ सोडून जायची नाही."

तिने आपलं इतकं कौतुक कधी केलं होतं, ते त्यांना आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते ड्रायव्हिंग क्लासच्या दारात उभे होते. पहिल्या आठवड्यात एक कुंडी फुटली, दुसऱ्यात शिकवणारे गुरुजी रजेवर गेले. परवाना मात्र मिळाला.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, दोघं पहिल्या मुक्कामाला निघाले. उजवीकडे झाडी, डावीकडे तळ्याचं निळं पाणी. वेग ताशी पंचवीस. मागे गाड्यांची ही रांग, हॉर्नचा नुसता कल्लोळ. मिलिमीटररावांचे हात घामाने ओले, मान ताठ, नजर समोर. शेजारून एक सूचना नाही, एक उसासा नाही. शेवटी त्यांना राहवेना.

"अगं, काहीतरी बोल की! बरं चाललंय ना?"

उत्तर आलं नाही. त्यांनी जीव मुठीत धरून क्षणभर बाजूला पाहिलं. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना आयुष्यात कधी डोळा न लागलेली बायको, खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती.

मिलिमीटररावांनी वेग वीसवर आणला.