पहिल्या गिऱ्हाइकाची तारली

उडत्या समुद्रगरुडाचा फोटो काढणं ही काही फार मोठी गोष्ट नाही! निदान त्या वैशाखातल्या सकाळी माझं तसं ठाम मत होतं. मी ड्रॉइंग मास्तर, म्हणजे नजर तयार. शाळेला सुट्टी. माझ्या जुन्या घडीच्या कॅमेऱ्यात शेवटची एक प्लेट शिल्लक. भाट्याच्या किनाऱ्यावर एका उंच माडावर गरुड येऊन बसतो हेही मला ठाऊक होतं. जायचं, काढायचा, परत यायचं!

"आजच?" आनंदी, म्हणजे आमचं कुटुंब, कमरेवर हात ठेवून म्हणालं. "आज बकुळेला बघायला माणसं येणार आहेत, ठाऊक आहे ना?"

बकुळा ही माझी मेहुणी. आईवडील गेल्यापासून आमच्याकडेच असे. दोन स्थळं हातची गेली होती, आणि आता राजापूरच्या दाजी शिरस्तेदारांचं चालून आलं होतं. मुलगा गुणी, पण घर असं सोवळं, की म्हणे तिथे लसणीचं नाव काढलं तरी चूळ भरतात! तिसऱ्यांदा नकार आला तर पोरगी बोलणार काहीच नव्हती, नुसती दळायला बसली असती. तिचं ते गप्प बसणं मला फार लागायचं.

"दुपारी येणार ना? तोवर मी आंघोळ करून ओटीवर पान खात असेन!" असं म्हणून मी निघालो.

दादूच्या होडीतून खाडी ओलांडली. गरुड होता! माडाच्या शेंड्यावर, मामलेदाराच्या ऐटीत. मी खडकाआड बसलो. गरुड हलेना. मी उठून पाहिलं, परत बसलो. ऊन डोक्यावर चढत होतं. मी टोपी काढली, टोपी घातली, कॅमेरा उघडला, मिटला, सूर्याकडे पाहिलं, परत उठलो. पाहुणे लवकर आले तर? गरुड उडालाच नाही तर?

"मास्तर, बुडाखाली मुंगळे हायत काय?"

मागे सगुणा उभी होती, डोक्यावर मासळीची पाटी.

"गरुड खाली यायला हवा गं," मी म्हणालो.

"आवं, मग मासली टाका म्होरं!"

"एक मासा दे."

"येक? माजी भवानी व्हायचीय आजून! पुरता वाटा घ्या."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. तिथे घासाघीस चालत नाही. मी इकडे तिकडे पाहिलं, कोणी ओळखीचं नाही अशी खात्री केली, आणि आमच्या सात पिढ्यांत कोणी हात लावला नसेल असा तारलीचा वाटा उपरण्यात घेतला! त्यातला अर्धा खडकावर पसरला. पाहता पाहता अख्ख्या रत्नागिरीचे कावळे जमले. मी हात फेकत, ओरडत धावलो. कावळे जागचे हलले नाहीत. गरुड मात्र कंटाळून खाडीकडे निघून गेला.

"सगुणे, उरलेली परत घे बाई."

"परत?" ती दोन पावलं मागे सरली. "पयल्या गिऱ्हायकाचा माल परत घेतला तर दिसभर पाटी डोक्यावरच ऱ्हायची माज्या!"

"मग इथेच टाकतो."

"टाकू नका! भवानीचा माल चुलीवर चडला पायजे."

ती पाहत उभी होती, त्यामुळे मी मुकाट्याने गाठोडं बांधलं. खाडीत सोडून देऊ, असा विचार केला.

परतीच्या होडीत एक लाल पगडीवाले वृद्ध गृहस्थ होते. पलीकडच्या टोकाला त्यांची बायको डोळे गच्च मिटून रामरक्षा पुटपुटत होती. होडीची सवय नसावी. मी गाठोडं पाठीमागे लपवलं. वास लपेना.

"होडी आहे, वास यायचाच!" मी मोठ्याने म्हणालो. गृहस्थांनी नाकाला उपरणं लावलं.

एवढ्यात डोक्यावर सावली पडली. गरुड! माझ्याच गाठोड्यावर डोळा ठेवून खाली येत होता! पंख पसरलेले, नख्या पुढे! कॅमेऱ्याला दोन हात लागतात, आणि माझा एक अडकलेला.

"धरा हो जरा!" म्हणत मी गाठोडं त्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवलं, आणि खटका दाबला.

मिळाला! होडी काठाला लागते न लागते तोच मी उडी मारली. गाठोड्याची आठवण झाली होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

घरी दोनदा साबण लावून आंघोळ केली. ओटीवर येऊन बसतो तोच पाहुणे दारात. पुढे लाल पगडी!

दाजी शिरस्तेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग दाजी घाईने आढ्याकडे पाहू लागले. बकुळेने पोहे आणले.

"तुमच्याकडे सोवळंओवळं कसं काय?" दाजींच्या पत्नीने विचारलं.

"कडक!" मी म्हणालो. दाजींना ठसका लागला.

आणि तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "मास्तर! व्हडीत ऱ्हायली वो तुमची तारली!"

सगुणा! हातात माझं उपरणं! बकुळा पोह्यांची बशी धरून जागच्या जागी गोठली. आनंदीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोललो.

"माझी नाही!"

"तुमची नाय?" सगुणा गोंधळली. मग तिची नजर आत गेली आणि चेहरा उजळला. "हां! ह्या बाबांची आसंल! दादू सांगत व्हता, लाल पगडीवाल्याच्याच मांडीवर व्हती. कशी पोटाशी धरून बसलेले!"

दाजींच्या पत्नीची मान हळूहळू नवऱ्याकडे वळली. "मांडीवर?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं असतं तर बकुळेचं लग्न मोडलं असतं, आणि दाजींनी उघडलं असतं तर आधी स्वतःच्या मांडीचा खुलासा करावा लागला असता. त्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्याही आला.

"मुलगी पसंत आहे!" दाजी ओरडले.

"अहो, पण तिला अजून काही विचारलंसुद्धा नाही—" त्यांची बायको म्हणू लागली.

"विचारायचं काय त्यात? पसंत! साखर आणा, साखर!"

गडबडीत मी अंगणात धावलो आणि सगुणेला तिच्याच चुलीवर ती तारली चढवायची विनवणी केली. चूल कोणाची याला भवानीची हरकत नसते, असं ती म्हणाली.

ज्येष्ठात लग्न झालं. बकुळा सुखी आहे. प्लेट धुतली, तर फोटो असा आला, की मुंबईच्या प्रदर्शनात पहिला यावा! पीस न् पीस स्पष्ट, चोच, नख्या, सगळं! फक्त मधोमध दाजी, तोंडाचा आ करून, गाठोडं कवटाळून. म्हणजे दाखवायचा कोणाला? शेवटी राहवेना म्हणून एकदा आनंदीला दाखवला. तिने बराच वेळ निरखून पाहिला.

"अहो, दाजींचा किती छान आलाय हो!" ती म्हणाली. "तेवढा वरचा कावळा खोडता येईल का?"