ओताकारसाहेबांच्या नामदिनाचं ताट

द्राहोमिराबाईंना लिफ्टची भीती वाटते, हे नगरकचेरीत कुणालाही ठाऊक नव्हतं. उलट बाई रोज चार मजले चढून येतात त्या तब्येतीसाठी, असा सगळ्यांचा पक्का समज होता. मागच्या वर्षी तर कचेरीने त्यासाठी त्यांचा सत्कारही केला. फुलं घेताना बाईंचे गुडघे कुरकुरत होते आणि बाई हसत होत्या. आता इतक्या टाळ्या वाजल्यावर खरं कोण सांगणार?

भीती वाटावी अशीच ती लिफ्ट होती म्हणा. दार नाही, बटण नाही, आणि थांबणं तर तिच्या गावीच नाही. लाकडी खोकी रहाटगाडग्यासारखी एका बाजूने वर चढायची, माथ्यावरून पलीकडे सरकायची आणि दुसऱ्या बाजूने खाली यायची. चालत्या खोक्यात पाऊल टाकायचं, चालत्या खोक्यातून उतरायचं. लोक हातात कॉफीचा कप घेऊन गप्पा मारत हे करायचे, आणि लाडाने तिला 'माळ' म्हणायचे. बाई माळेतून फक्त सामान पाठवत. फायली, भाजीची पिशवी, थंडीतला कोट, सगळं खाली खोक्यात ठेवायचं, वर शेजारच्या टेबलावरच्या रादोवानला फोन करायचा, "येतंय रे!" आणि आपण जिना धरायचा.

यंदा मात्र मागच्या अंगणात नवी लिफ्ट बसली. दार, बटणं, आरसा, सगळं कसं माणसांसाठी केलेलं. बाईंचा जीव तिच्यात अडकला. पण कचेरीचे मुख्य अधिकारी ओताकार हुरीख यांनी फतवा काढला, की नवी लिफ्ट पाहुण्यांसाठी. ती किल्लीने चालणार, आणि कर्मचाऱ्याला किल्ली मिळालीच तर साहेबांच्या मर्जीने. गुडघ्यांचं निमित्त सांगावं तर डॉक्टर म्हणाले होते, "जिना सोडू नका, त्यानेच टिकलेत." तेव्हा उरली ती साहेबांची मर्जी.

तिकडे कॅलेंडरात दर दिवसाला एकेक नाव असतं, आणि त्या नावाच्या माणसाचा तो नामदिन, जवळजवळ वाढदिवसच. ऑगस्ट संपता संपता ओताकार या नावाचा दिवस आला. बाईंनी पहाटे उठून ताटभर ख्लेबिचकी केली. पावाच्या कापांवर बटाट्याचं सॅलड, हॅम, उकडलेलं अंडं आणि वर काकडीचं लोणचं. मधोमध कागदी झेंडा खोवला, 'ओताकारसाहेबांचा नामदिन'. ताट माळेत ठेवून त्यांनी फोन केला.

"रादोवान, येतंय रे! जपून घे, अंडी आहेत."

"घेतो की!"

फोन ठेवतो न ठेवतो तोच शेजाऱ्याच्या अक्रोडाच्या झाडाची तक्रार घेऊन एक आजोबा रादोवानच्या टेबलाशी आले आणि रादोवान ताट विसरला. बाई धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचल्या.

"ताट कुठंय?"

"कुठलं ताट?"

"अरे मेल्या!"

"अरेच्चा, ते! गेलं असेल वरून फिरून. आत्ता आणतो," म्हणून रादोवान खाली जाणाऱ्या खोक्यात शिरला. त्याला फटीतून खाली ताटाचा झेंडा दिसत होता. तो मागच्या खोक्यात, ताट पुढच्या. कुठेतरी उतरून वाट बघावी हे त्या बहाद्दराला सुचलं नाही. तो ताटाचा पाठलाग करत राहिला.

इकडे मजल्यामजल्यावर लोकांनी झेंडा वाचला. साधी पेपरमिंटची गोळी कुणाला न देणाऱ्या साहेबांनी अख्ख्या कचेरीला खाऊ घातलं, म्हणून मंडळी गहिवरली. ज्याने त्याने एकेक उचललं, आणि आभार मानायला सगळे जिन्याने, माळेने चौथ्या मजल्यावर जमले. साहेब केबिनच्या दारात गोंधळून उभे.

"साहेब, अंडं काय सुरेख होतं!"

"कुठलं अंडं?"

तेवढ्यात ताट वर आलं. त्यावर फक्त दोन उरली होती. मागच्या खोक्यातून रादोवान ओरडला, "बाई, उचला!" बाईंच्या डोळ्यांसमोर फक्त किल्ली होती. त्या आत शिरल्या आणि ताट उचलून वळेपर्यंत मजला पायांखाली गेला.

माथ्यावर काळोख होता, चाकं करकरत होती. बाई ताट छातीशी धरून मटकन खाली बसल्या. पलीकडून त्या खाली आल्या तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वरून फिरून आल्या! साहेबांच्या नामदिनाला!"

माळेतून उतरलेल्या रादोवानसकट साहेबांनी सगळ्यांना हाकललं. "कामं नाहीत का?" बाई फेरी पूर्ण करून पुन्हा वर येईपर्यंत तिथे ते एकटेच उरले होते.

"बाई, पुरे झालं, उतरा आता."

"उतरताच येत नाही हो—" आणि बाई वर गेल्या. पलीकडून आल्या तशा म्हणाल्या, "भीती वाटते साहेब! कायमचीच वाटते! म्हणून किल्ली—" आणि खाली गेल्या.

पुढच्या फेरीला साहेब पुढे झाले. त्यांनी आत टाकायला पाय उचलला. मागे घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा घेतला. कपाळावर घाम.

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"हळू बोला!"

पलीकडून येईपर्यंत बाईंची भीती अर्धी झाली होती. दुसरा कुणी तितकाच घाबरलाय हे कळलं, की बरं वाटतंच माणसाला. साहेबांनी हात पुढे केला. "धरा!" बाईंनी डोळे मिटून उडी मारली, आणि दोघं भिंतीजवळच्या बाकावर आदळली. ताट माळेतून एकटंच पुढे गेलं.

"इतकी वर्षं मी उजाडता उजाडता यायचो ते काय कामाच्या ओढीने?" साहेब कुजबुजले. "जिन्यावर कुणी बघू नये म्हणून. आता नव्या लिफ्टची एक किल्ली आहे माझ्या खिशात. दुसरी मागवली तर कुणासाठी ते लिहावं लागेल. तुम्ही उद्यापासून माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवसापासून दोघं मागच्या दाराने, गुपचूप, एकत्र लिफ्टने वर येऊ लागली. महिन्याच्या आत कचेरीत कुजबुज सुरू झाली. विधुर साहेब, अविवाहित बाई, लोकांना आणखी काय लागतं? शेवटी रादोवानने विचारलंच.

"बाई, खरं सांगा. तुमचं आणि साहेबांचं काही आहे का?"

बाईंनी एकदा माळेकडे पाहिलं. मग जमेल तेवढी मान खाली घातली. "आहे रे. आता लपवून काय उपयोग?"

संध्याकाळी नव्या लिफ्टमध्ये त्यांनी साहेबांना हे सांगितलं. साहेबांनी आरशात बघून बराच वेळ टाय सरळ केला.

"उत्तम केलंत," ते म्हणाले. "पण मग लोकांना दाखवायला तरी रविवारी कुठेतरी जेवायला जायला हवं. म्हणजे, नुसतं दाखवायला."

बाई लाजल्या, आणि या वेळी त्यांना मान खाली घालावी लागली नाही, ती आपली आपणच गेली.

"येईन की," त्या म्हणाल्या. "हॉटेल तळमजल्यावर आहे ना?"