चार बॅटऱ्यांची बोट

गुरुनाथच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नव्हती, त्याला आठ महिने झाले होते. गाडी बाहेर पावसात भिजत असे आणि आत, गाडीच्या जागी, दोन लाकडी स्टँडवर एक ॲल्युमिनियमची बोट ऐसपैस पसरलेली असे. सुलेखा गॅरेजमध्ये वॉशिंग मशीन लावायला जायची ती अंग चोरून, पोट आत घेऊन. नवऱ्याला छंद असावा असं तिचंही मत होतं, पण तो बुद्धिबळाइतक्या आकाराचा असला तर बरं.

बोट मूळची शेजारच्या विरेमूची. असल्या बोटीला इथे, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, सगळे टिनी म्हणतात. विरेमूची टिनी त्याच्या परसात पालथी पडून होती आणि तिच्याखाली मांजरं वीत होती. सुलेखाने एकदा त्याला लिंबाचं लोणचं दिलं, तर बरणी परत करताना त्याने बोट हवी का म्हणून विचारलं. गुरुनाथ ताबडतोब हो म्हणाला, कारण चार-पाच महिन्यांनी त्याचे सासरे येणार होते.

सासरे म्हणजे बाळासाहेब, वेंगुर्ल्याचे. चौतीस वर्षं बंदर खात्यात होते. लाँचवर ठरल्यापेक्षा एक माणूस जरी जादा चढला, तरी लाँच धक्क्यावरून हलू द्यायची नाही, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की एकदा सख्ख्या साडूच्या मुलाच्या वरातीच्या लाँचवरून नवऱ्यामुलालाच खाली उतरवलं होतं. अशा माणसाकडून कौतुकाचा शब्द मिळवणं सोपं नव्हतं, आणि गुरुनाथला लग्नाला अकरा वर्षं होऊनही तो मिळालेला नव्हता. घर घेतलं तेव्हा बाळासाहेब फोनवर म्हणाले होते, तिकडे भिंती पातळ असतात म्हणतात. इथल्या पेनरोज भागातल्या कारखान्यात बढती मिळाली तेव्हा त्यांनी आधीचा माणूस का सोडून गेला याची चौकशी केली होती. गुरुनाथला वाईट वाटायचं. वरवर तो हसण्यावारी नेई, पण एकदा तरी त्यांनी ‘बरं केलंत’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती आणि ती वर्षागणिक वाढत होती.

बोट हा त्यावरचा उपाय होता. शहराबाहेरच्या एका तळ्यावर पेट्रोलचं इंजिन चालवायला बंदी होती, म्हणून बोट विजेवर चालवायची. गुरुनाथ विजेचाच इंजिनिअर. स्विचबोर्ड बनवण्यात त्याची हयात चालली होती. त्यामुळे बारकीशी मोटर, एक बॅटरी, काम दोन शनिवारांचं, असा सुरुवातीचा अंदाज होता. विरेमूने कुंपणावरून डोकावून तेच सांगितलं. “वन बॅटरी इज हीप्स, ब्रो.” हीप्स म्हणजे रग्गड.

पण गुरुनाथ पुण्यात वाढलेला होता. ज्याच्या शाळेची सगळी वर्षं वीज जाण्याच्या वेळापत्रकावर गेली, तो एका बॅटरीवर विश्वास ठेवत नाही. एक चालू तर एक राखीव पाहिजे. राखीव बॅटरी ऐन वेळी दगा देते हा तर घरचा अनुभव, म्हणून राखीवला राखीव पाहिजे. तीन बॅटऱ्या ठेवल्या तर बोट एका बाजूला कलायला लागली, म्हणून तोल सांभाळायला चौथी आली. चार बॅटऱ्या उघड्यावर बऱ्या दिसत नाहीत, म्हणून वर प्लायवूडची फळी घातली. फळी उन्हात तापते, म्हणून तिच्यावर कार्पेट चिकटवलं. कार्पेट आलं म्हटल्यावर साध्या बाकावर कोण बसणार, म्हणून गोल फिरणाऱ्या दोन खुर्च्या आल्या. प्रत्येक वस्तूवर गुरुनाथने ऑफिसच्या सवयीने लेबल लावलं. त्यावर वस्तूचं नाव, तारीख आणि वजन.

तोवर बाळासाहेब येऊनही तीन महिने होत आले होते. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुळात थोडं बोलणारा तो माणूस आता जवळजवळ बोलेनासा झाला होता. खिडकीशी बसून कधी काही पुटपुटायचे. मग स्वयंपाकघरातून सुलेखा धावत यायची, “काय म्हणालात बाबा?” गॅरेजमधून गुरुनाथ यायचा, “काही हवंय का?” आणि ते “काही नाही” म्हणून पेपर उघडायचे. रोज एकदा गॅरेजच्या दारात येऊन बोट पाहून जायचे. एकदा लेकीला म्हणाले, “गो, तुझो घोव बोट करता काय पावरहाऊस?” त्यांचं परतीचं विमान मंगळवारचं होतं. बोट त्याआधीच्या शुक्रवारी पूर्ण झाली.

शनिवारी सकाळी तिघं तळ्यावर पोहोचले. सुलेखाने मोटरच्या डोक्याला हळदकुंकू लावलं. गुरुनाथने नवीन वाहन म्हणून बोटीच्या नाकाडावर नारळ फोडायला हात उचलला, तर बाळासाहेबांनी मनगट धरलं. नारळ पाण्याला द्यायचा असतो, आणि तोही अख्खा, हे त्यांनी जावयाला शांतपणे समजावलं. शिवाय पत्रा पातळ आहे, असंही म्हणाले. नारळ पाण्याला दिला. बोट ट्रेलरवरून अलगद उतरली आणि तरंगली. गुरुनाथने सासऱ्यांकडे पाहिलं. बाळासाहेब चष्मा लावून बोटीच्या मागच्या बाजूला ओणवे झाले होते.

तिथे कंपनीने ठोकलेली एक पत्र्याची पाटी होती. आठ महिन्यांत गुरुनाथने ती तीनदा पुसली होती, वाचली मात्र नव्हती.

“तीन माणसं,” बाळासाहेब वाचू लागले, “आणि इंजिन, सामान, माणसं धरून एकूण दोनशे नव्वद किलो. गुरुनाथराव, बॅटरी किती किलोची?”

“एकतीस किलो. एकेक,” गुरुनाथ अभिमानाने म्हणाला.

पुढचं विचारावं लागलं नाही. बाळासाहेब एकेक लेबल वाचत गेले आणि बोटांच्या पेरांवर मोजत गेले. मोटर, फळी, कार्पेट, खुर्च्या, वायरी, नांगर. एरवी पुसट होणारी लेबलं त्या दिवशी लख्ख दिसत होती.

“दोनशे तेवीस. राहिले सदुसष्ट. तुमचं वजन?”

“ऐंशीच्या आसपास,” गुरुनाथ म्हणाला.

“अठ्ठ्याऐंशी,” सुलेखा म्हणाली.

“माझं एकसष्ट. जाकीट, गळ आणि डबा मिळून पाच.” बाळासाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “तुम्हाला येता येणार नाही.”

गुरुनाथने परोपरीने सांगून पाहिलं. पाटीवरचे आकडे मुद्दाम कमी धरलेले असतात, तळं गुडघाभर आहे, वारा नाही. चौतीस वर्षं लोकांनी हीच कारणं सांगितलेला माणूस ते सगळं सौजन्याने ऐकून घेत राहिला. दोन बॅटऱ्या काढाव्यात तर त्या फळीखाली, फळीला शहाण्णव स्क्रू, त्यावर कार्पेट, आणि स्क्रूड्रायव्हर घरी. शेवटी गुरुनाथनेच हार मानली. सासऱ्यांना पाच मिनिटांत मोटर कशी चालवायची ते दाखवलं, आणि आठ महिन्यांची मेहनत एकट्या बाळासाहेबांना घेऊन आवाज न करता निघून गेली.

सुलेखा झाडाखाली चटईवर पुस्तक घेऊन पडली. गुरुनाथला कसली लागायची झोप. तो जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत काठाने बोटीच्या समांतर चालत होता आणि अधूनमधून हात करत होता. बाळासाहेबांनी एकदा हात केला, नंतर पाठ फिरवली. काठालगतच्या लव्हाळ्याच्या बेटापाशी बोट वळली आणि थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी ती हलेना.

गुरुनाथ बेटाच्या कडेला जाऊन टाचा उंचावून पाहू लागला. वारा उलटा होता, ऐकू काही येत नव्हतं. पण बाळासाहेबांचं तोंड हलत होतं. एक हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. ते नक्की हाका मारत होते. मोटर बंद पडली असणार. पण कशी पडेल? एक बॅटरी गेली तर दुसरी आहे, दुसरी गेली तर तिसरी आहे. मग एकदम त्याला आठवलं. बॅटऱ्या चार होत्या, पण चारींचा स्विच एकच होता. त्याला राखीव ठेवायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तो पँट न दुमडता पाण्यात शिरला. इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, तरी पाणी चांगलंच गार होतं आणि तळं गुडघाभर मुळीच नव्हतं. कमरेइतक्या पाण्यात, लव्हाळं बाजूला सारत, तो बोटीपासून दहा-बारा हातांवर आला. हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं, कारण आता शब्द ऐकू यायला लागले होते.

बाळासाहेब त्याच्याकडे पाठ करून बसले होते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होते.

“आवाज म्हणून नाय बघ हिचो,” ते म्हणत होते. “तुझ्या जावयान केल्यान. आठ म्हयने गॅरेजात बसान. माका वाटला, ह्येका कायएक जमाचा नाय. पण बोट करूची तर अशी.” मग थोडं थांबून, कुणी मधे बोलल्यासारखं डोकं हलवून म्हणाले, “होय गो. लेक बऱ्या घरात पडली आपली. पण तोंडार सांगूक नको, डोक्यार चढतलो.”

अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळालं होतं आणि गुरुनाथ कमरेपर्यंत भिजून, चिखलात पाय रुतवून उभा होता. हलावं तर पाणी वाजणार, थांबावं तर ते ऐकणं बरं नव्हे. दोन वर्षांत जेवढं बोलले नसतील तेवढं बाळासाहेब बोलत होते. सुलेखाच्या स्वयंपाकाविषयी, घराच्या भिंतींविषयी, मंगळवारच्या विमानाविषयी. तिथे “काय म्हणालात?” म्हणून धावत यायला कुणी नव्हतं. गुरुनाथ पावलागणिक श्वास धरत उलटा मागे सरकला. डावी जँडल चिखलाने ठेवून घेतली, ती त्याने सोडून दिली.

काठावर सुलेखाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पाय घसरला,” गुरुनाथ म्हणाला.

बाळासाहेब दुपारी तीनला परतले. गालांना ऊन लागलं होतं आणि चालण्यात तरतरी आली होती. गुरुनाथने हात धरून त्यांना उतरवून घेतलं.

“बॅटऱ्या जास्त झाल्या,” बाळासाहेब म्हणाले. “आणि चारींना मिळून स्विच एकच दिलाय, हे चूक आहे.”

“हो बाबा,” गुरुनाथ म्हणाला. इतक्या आनंदाने त्याने चूक कधी कबूल केली नव्हती.

सुलेखाने मासे कुठे म्हणून विचारलं. मासे नव्हते, असं बाळासाहेबांनी सांगितलं. आमिषाच्या डबीचं सील अजून तसंच होतं. गुरुनाथने ती उचलून गुपचूप खिशात टाकली आणि म्हणाला, “नसतातच या दिवसांत.”

“बाबा, गुरू आज घरी गेल्यावर दोन बॅटऱ्या काढून टाकेल,” सुलेखा डबे मांडता मांडता म्हणाली. “उद्या रविवारच आहे. दोघं मिळून या. तेवढीच सोबत.”

बाळासाहेबांचा चेहरा उतरला.

“नाही निघायच्या त्या,” गुरुनाथ म्हणाला.

“अरे, सकाळी तर म्हणालास, नुसते स्क्रू काढायचे.”

“कार्पेट पक्कं चिकटवलंय, सुलू. आता ती एकाच माणसाची बोट आहे.”

बाळासाहेबांनी जावयाची ओली पँट पाहिली, मग त्याचे पाय पाहिले. एकात जँडल होती, दुसरा अनवाणी होता. बराच वेळ ते पाहत राहिले. मग चटईवर मांडी घालून बसले, लेकीने केलेली दोन घावनं नारळाच्या रसाबरोबर खाल्ली, आणि तळ्याकडे पाहत म्हणाले, “गुरुनाथराव, ती विमानाची तारीख पुढे ढकलता येते का हो?”

“येते की.”

“बघा मग. आणि उद्या सकाळी सहाला निघू. वारा कमी असतो.” एवढं बोलून त्यांनी तिसऱ्या घावनाला हात घातला.

“बाबा,” गुरुनाथ हळूच म्हणाला, “बोटीत एकच किलो शिल्लक आहे.”

सुलेखाने डोळे वटारून नवऱ्याकडे पाहिलं. बाळासाहेबांनी मात्र मनातल्या मनात बेरीज करून पाहिली, मान डोलावली आणि घावन परत डब्यात ठेवलं.