बनसोड काकांचे लंगोट

आमच्या सडकेवरचे बनसोड काका माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचा कपडा चाचपतात. तुम्ही समोर आलात की त्यांचा उजवा हात पुढे येतो. तुम्हाला वाटतं, हात मिळवायचा आहे. तो हात मात्र तुमच्या बाहीकडे जातो, ओढणीच्या टोकाकडे जातो, लुंगीच्या काठाकडे जातो. चिमटीत कापड धरून ते जरा वेळ चोळतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. "कच्चं आहे अजून." नाहीतर, "टाइम आहे याले." मग विचारतात, "कसे आहात?"

"कच्चं" ऐकणारा माणूस खुशीत घरी जातो. भीती असते ती वेगळ्याच शब्दाची. तो शब्द "पिकलं".

दूधवाल्याच्या म्हाताऱ्या बापाचा गमछा चोळून काका एकदा "पिकलं" म्हणाले, आणि म्हातारा थोड्याच दिवसांत गेला. पलीकडच्या ब्लॉकमधले एक रिटायर्ड मास्तर बनियनवर उभे होते, त्यांचं बनियन पिकलं, आणि दिवाळी त्यांना बघायला मिळाली नाही. तेव्हापासून आमच्या भिलाईच्या सेक्टर सहात काका दिसले की साठीच्या वरची माणसं बाह्या वर सरकवतात. आमच्या सडकेवर सुती कपड्यांना खळ घालायची पद्धत अजून टिकून आहे. तिचा फॅशनशी काही संबंध नाही; कडक कापड चिमटीत कच्चंच लागतं.

हे सगळं मला शेजारणींनी सांगितलं. मी दुर्गची, लग्न होऊन इथे आले. माझा नवरा अमोल स्टील प्लांटमध्ये. आमची मुलगी मैत्री झाली तेव्हा मी शिकवते त्या शाळेतून लांब सुट्टी घेतली, आणि दिवसभर घरी राहायला लागल्यावर मला काकांचं दुसरं लक्षण कळलं. ते बेल वाजवत नाहीत. आपण वळतो, आणि ते व्हरांड्यात उभे असतात. उंच, वाळलेले, अंगात धुऊन धुऊन रंग गेलेला शर्ट. चपलेचा आवाज नाही, खोकला नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातलं पाण्याचं भांडं पडलं. काका म्हणाले, "पडू दे. पोरगी कावून रडून राहिली ते सांग."

मैत्री तेव्हा दोन-तीन महिन्यांची होती, आणि तो भिलाईचा उन्हाळा होता. डायपरनं तिच्या मांड्या लालबुंद झाल्या होत्या. डॉक्टरांचं मलम लावून झालं, पावडर झाली, डायपरची कंपनी बदलून झाली. पोरगी पाय झाडायची आणि रडायची.

काकांनी पाळण्याजवळ येऊन तिचा डायपर दोन बोटांनी उचलून बघितला. मेलेला उंदीर उचलावा तसा.

"हे काय आहे?"

"डायपर आहे काका."

"याले आठवण नाही," ते म्हणाले. "दुकानातून आलं, कचऱ्यात गेलं. याले कोणी घातलं नाही, कोणी धुतलं नाही. याले काय माहीत, अंग म्हणजे काय?"

काका आयुष्यभर प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. आगीपासून वाचवणारा जाड, टोचरा कपडा त्यांनी भर उन्हाळ्यात अंगावर वागवला. मऊ कापडाचं वेड तिथूनच लागलं असावं. दुसऱ्या दिवशी ते एक बोचकं घेऊन आले. आत हातानं शिवलेले त्रिकोणी लंगोट होते, बंद लावलेले. इतकं मऊ कापड मी कधी हातात घेतलं नव्हतं. हात लावला की पाण्यात बोटं बुडवल्यासारखं वाटायचं.

काकांनी एकेक लंगोट उचलून माझ्याशी ओळख करून दिली. निळ्या चौकड्यांचा होता, त्याला म्हणाले, "हा साहू." बारीक फुलांचा होता, "ही मिश्राइन." पांढरा, सोनेरी काठाचा, "हा नायर. याले उन्हात जास्त ठेवू नको, त्याले सहन होत नाही."

मला वाटलं, ही शिंप्यांची नावं असतील. किंवा दुकानांची. म्हाताऱ्या माणसाला उलटतपासणी कशाला करायची म्हणून मी गप्प राहिले.

आठवड्याभरात मैत्रीच्या मांड्या साफ झाल्या. रडणं थांबलं. पण दुसरंच काहीतरी सुरू झालं. निळ्या चौकड्यांचा लंगोट बांधला की ती झोपेत गुणगुणायची. रडणं नाही, हसणं नाही. "हूं... हूं..." असा खालचा सूर, एखादा माणूस काम करता करता लावतो तसा. फुलांचा बांधला की एकाच कुशीवर झोपायची, उजव्या. सरळ केली की परत उजवीकडे.

अमोलला सांगितलं तर तो हसला. "विहारात जाणारे लोक आपण. भूत मानतो का? लहान पोरं आवाज काढतात." पण नाइट शिफ्ट करून आला की तोच चहा पिताना म्हणायचा, "आज साहू बांध गं. मिश्राइन बांधली की ही मधेच उठते. मला झोपायचं आहे."

पावसाळा सरला, ऊन परत पडायला लागलं, तेव्हा ती बाई यायला लागली.

दुपारची वेळ होती, सडक रिकामी. मी व्हरांड्यात मैत्रीला घेऊन बसले होते. फाटकाबाहेर एक म्हातारी उभी होती. फिक्या रंगाची साडी, कपाळ मोकळं. मी विचारलं, "किससे मिलना है?" तिनं उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, मैत्रीकडेही नाही. ती दोरीवर वाळणाऱ्या लंगोटांकडे बघत होती. वारा आला, लंगोट हलले, तसे तिचे ओठ हलले. थोड्या वेळानं ती निघून गेली.

ती परत आली, आणि मग येतच राहिली. कधी फाटकापाशी, कधी कुंपणाच्या मेंदीमागे. मी आत जाऊन खिडकीतून बघायचे. सगळ्यात वाईट म्हणजे मैत्री तिला बघून हसायची. कधी ती बाई दिसत नसतानाही फाटकाकडे बघून हसायची.

एका दुपारी मी कपडे काढायला गेले. सगळे लंगोट दोरीवर होते. फक्त निळ्या चौकड्यांचा खाली दगडावर होता, घडी घालून. माझी घडी अशी नसते. काठ आत दुमडलेले, वर हात फिरवून सुरकुती काढलेली. कापड अजून कोमट होतं. उन्हानं की हातानं, ते मला कळलं नाही.

मी मैत्रीला उचललं आणि तडक काकांच्या क्वार्टरवर गेले.

"काका, एक बाई येते. आपल्या लंगोटांना हात लावते."

काकांचा चेहरा उजळला. "येऊन राहिली का? बरं झालं."

"कोण आहे ती?"

"साहूची बायको. सेक्टर दहात राहते."

"कोण साहू?"

"तुले ओळख नव्हती का करून दिली? निळ्या चौकड्यांचा," काका म्हणाले. "त्याची लुंगी आहे ती. मागच्या साली गेला तो."

मला थोडा वेळ लागला. मग मी विचारलं, "आणि मिश्राइन?"

"ती त्याच्या आधी."

"आणि नायर?"

"गेला. उन्हात चक्कर येऊनच गेला बिचारा."

 घरी आले, एकूणएक लंगोट गोळा केले, बोचकं बांधलं आणि काकांच्या दारात ठेवून आले. ठेवताना वर पाहिलं तर ते दारातच उभे होते.  बोचकं दोन्ही हातांनी उचलून आत गेले, झोपलेल्या पोराला नेतात तसे.

अमोल म्हणाला, "कपडाच आहे. धुतलेला आहे." मी म्हटलं, "मग तू नेस." तो पिशवी घेऊन बाहेर पडला. बाजारातून डायपरचं पाकीट आलं. दोन दिवसांत मैत्रीच्या मांड्या परत लाल झाल्या, आणि घरात रडण्याशिवाय काही ऐकू येईना.

ती बाई आलीच. त्या दुपारी दोरी रिकामी होती. ती बराच वेळ रिकाम्या दोरीकडे बघत राहिली. मग पहिल्यांदाच तिनं फाटकाला हात लावला आणि माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "बेटी, वो नीला वाला... फट गया क्या?"

मी आतून बघत होते. दार लावून घ्यायचं म्हणून उठलेही होते. पण त्या प्रश्नानं माझी भीती कुठे गेली ते मला कळलं नाही. मी फाटक उघडलं. म्हटलं, "नहीं अम्मा, फटा नहीं है. अंदर आइए."

ती पायरीवर बसली. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. मैत्री माझ्या कडेवर रडत होती, साहूअम्मानं हात पुढे केले तशी तिच्याकडे गेली आणि गप्प झाली. अम्मा छत्तीसगढी-हिंदीत बोलत होती, थांबत थांबत. नवरा गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कार्य झालं, सगळे आपापल्या गावी गेले. मग दारात हा उंच म्हातारा उभा राहिला. नवऱ्याच्या ओळखीचा, त्याची लुंगी कधीतरी चोळून गेलेला. "कपडे दिखाओ" म्हणाला. तिला वाटलं, वेडा आहे. पण पेटी उघडली. तो एकेक कपडा हातात घेऊन विचारत बसला. हा कुठून घेतला. इथे कशानं फाटला. हे रफू कोणी केलं. संध्याकाळपर्यंत बसला.

"और किसी ने नहीं पूछा, बेटी," ती म्हणाली. "सब पूछे, कैसे गए. कैसे पहनते थे, कोई नहीं पूछा."

जाताना काकांनी फक्त लुंगी नेली होती. नंतर एकदा येऊन सांगून गेले, सेक्टर सहात एक पोरगी आहे, तिच्या अंगाला लागली आहे लुंगी, दोरीवर दिसेल.

मी विचारलं, "अम्मा, वो गुनगुनाते थे क्या?"

अम्मानं माझ्याकडे बघितलं. "साइकिल पोंछते समय," ती म्हणाली. "तुमको किसने बताया?"

मी तिच्या मांडीवरच्या मैत्रीकडे बघितलं. 

अम्मा गेल्यावर मी परत काकांकडे गेले. बोचकं शिलाई मशीनवर ठेवलेलं होतं, त्यातले लंगोट परत धुऊन इस्त्री केलेले. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं.

"काका, तुम्ही पिकलं म्हणता आणि माणूस जातो. कसं कळतं तुम्हाला?"

"मले काय कळते?" काका म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचाच कपडा धुऊन धुऊन मऊ होते, पिकते बेटा. जवान माणूस एक शर्ट तितके दिवस घालते कुठं? मी कपड्याचं सांगतो, लोक आपलं समजतेत."

एवढं सरळ होतं. मला हसू आलं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीच्या दोरीवर माझी नजर गेली. तिथे एक हिरवी सुती साडी वाळत होती. अख्खी, कुठेही कात्री न लागलेली. घरात काकांशिवाय कोणी नव्हतं.

"काकूंची?"

"हो."

"अजून धुता?"

"इतवारी. ठेवून दिली की कडक होते."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली, हे मला शेजारणींनी सांगितलं होतं. मी उठून साडीला हात लावला. बोचक्यातल्या कुठल्याही कपड्यापेक्षा ती मऊ होती.

"हिचे लंगोट का नाही शिवले काका?"

काकांनी मशीनचं चाक हातानं थोडं फिरवलं, परत मागे आणलं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. नातू झाला तेव्हा ते ही साडी पिशवीत घालून गेले होते. सून हात जोडून म्हणाली, बाबा, गेलेल्या माणसाचं बाळाला नको. "तिचं काही चुकलं नाही," काका म्हणाले. "तुले बी वाटलंच होतं." पिशवी तशीच परत आली.

"मग इथं कोणाला तरी द्यायची होती. सडकेवर कितीतरी पोरं आहेत."

"देल्ली असती," ते म्हणाले. "पण मंग मले त्या घराच्या फाटकापाशी उभं राहा लागलं असतं. साहूच्या बायकोसारखं. तिले पाहून तू घाबरली. मले पाहून तर लोक दार लावतेत, बेटा."

मी साडी दोरीवरून काढली. काका उठले, पण अडवलं नाही. मी तिची घडी घालून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मैत्रीसाठी शिवा. आणि फाटकापाशी उभं राहायचं नाही. आत येऊन बसायचं."

थंडी पडायला लागली तेव्हा काका हिरव्या साडीचे लंगोट घेऊन आले. किती दिवस कात्री हातात घेऊन बसले असतील, मी विचारलं नाही. त्यातला एक मी लगेच बांधला आणि मैत्रीला त्यांच्या मांडीवर दिली. मी इतक्या दिवसांत काकांच्या हातात बाळ पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत ताठ बसले, हात कसे धरायचे ते त्यांना सुचेना. मैत्रीनं त्यांच्या शर्टाची गुंडी पकडली आणि तोंडात घालायचा प्रयत्न केला. मग ती एकदम शांत झाली, आणि त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर ओला डाग पसरत गेला.

मी धावले. "द्या काका, बदलते तिला."

काकांनी तिला जरा जवळ ओढून घेतलं. खाली बघत होते, मला चेहरा दिसला नाही.

"राहू दे बेटा थोडी," ते म्हणाले. "गरम लागून राहिलं."