पृथ्वीराजला कोण जोजवतं?

पृथ्वीराजचं वय अकरा आठवडे, वजन साडेपाच किलो आणि आवाज सातव्या मजल्यावरून थेट खालच्या पार्किंगपर्यंत पोचेल एवढा. सोमवारी सकाळी पावणेदहाला त्याचा बाप आमोद त्याला खांद्यावर घेऊन दारात उभा होता आणि बायकोला नि सासूबाईंना हसतमुखाने निरोप देत होता. हे हसू त्याने पहाटे चारपासून तयार करून ठेवलं होतं, कारण तेव्हापासून तो जागाच होता.

"पहा हं जावईबापू," इंदुबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "अजून वेळ गेली नाही. तुमचे डोळे पहा कसे झाले. तुम्ही माघार घेतली तरी मी काही राग धरणार नाही."

"अहो आई, जमेल मला. सात तासांचा तर प्रश्न आहे."

"लढाईवर जाणारे असंच म्हणतात," तनुजा म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली.

प्रश्न सात तासांचा नव्हता. तनुजाची बाळंतपणाची रजा संपली होती. ऑफिसने तिला दोन पर्याय दिले होते, एकतर रोज ऑफिसात या, नाहीतर चार महिने माहेरच्या, म्हणजे अमरावतीच्या शाखेतून काम करा. इंदुबाईंनी ताबडतोब गुरुवारच्या गाडीची तिकिटं काढली होती. आमोद म्हणाला, बाळाला मी सांभाळतो, माझं काम घरूनच असतं. त्यावर इंदुबाईंनी परीक्षा जाहीर केली. एक दिवस, दहा ते पाच, एकट्याने. तनुजाला फोन करायचा नाही, तिनेही हॉलमधल्या कॅमेऱ्यात मोबाइलवरून डोकावायचं नाही. तनुजा ऑफिसला जाणार होती आणि स्वतः इंदुबाई दिवसभरासाठी मंडईत खारीक-डिंक घ्यायला आणि तिथून कर्वेनगरला चुलतबहिणीकडे जाणार होत्या. आमोद पास झाला तर बाळ पुण्यात. नापास झाला तर गुरुवारी अमरावती.

आणि अमरावतीला गेलेलं बाळ चार महिन्यांनी रांगत परत येणार आणि बापाला पाहून भोकाड पसरणार, ही कल्पना आमोदला सहन होत नव्हती. त्याच्या बाजूने हात द्यायला कोणी नव्हतं. वडील तो शाळेत असतानाच गेले होते, आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. जे काही त्याचं स्वतःचं म्हणून होतं, ते आत्ता त्याच्या खांद्यावर लाळ गाळत होतं.

अकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. हॉलच्या भिंतीवर पांढरा फळा होता. त्यावर आमोद आणि तनुजा पाळी बदलताना सगळं लिहून ठेवत, म्हणजे दुसऱ्याला विचारायला उठवावं लागू नये. आमोद सॉफ्टवेअरच्या सपोर्ट खात्यात होता, त्यामुळे त्याची नोंद वाचली की बाळ आहे की सर्व्हर, ते कळत नसे. 'Feed 90 ml. Diaper OK. No issues.'

अकरानंतर मात्र पृथ्वीराजने सूर लावला. आमोदने त्याला उभं धरलं, आडवं धरलं, खुळखुळा वाजवला, मिक्सर चालू करून दाखवला. शेवटी मांडीवर घेऊन तो सोफ्यावर टेकला आणि आता काय करावं याचा विचार करायला त्याने क्षणभर डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा घर चिडीचूप होतं. मांडी रिकामी होती. समोर छताच्या हुकाला बांधलेली साडीची झोळी मोठे मोठे झोके घेत होती, जणू आत्ताच कोणीतरी दोरी सोडून बाजूला झालं होतं.

आमोद धावत गेला. झोळीत पृथ्वीराज गाढ झोपला होता. डोक्यावर टोपडं होतं, बंद व्यवस्थित बांधलेला. आमोदला त्या टोपड्याचा बंद आजवर एकदाही बांधता आला नव्हता.

"मीच ठेवलं असेल," तो मोठ्याने म्हणाला. घरात दुसरं कोणी नसताना माणूस मोठ्याने बोलतो, तेव्हा ते फारसं पटलेलं नसतं. मग त्याचं लक्ष फळ्याकडे गेलं. त्याच्या नोंदीखाली वेड्यावाकड्या, थरथरत्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं :

'११.२० – दूध ९० मिली. ढेकर आला. रडत नव्हता, बोलत होता.'

आमोद हॉलला लागूनच असलेल्या उघड्या स्वयंपाकघरात गेला. बाटली धुऊन, फडक्यावर पालथी घातलेली होती. दाराला आतून कडी होती. बाल्कनीत फक्त पारवे होते आणि ते घशातल्या घशात घुमत होते. त्याने इंटरकॉमवरून खाली वॉचमनला, मच्छिंद्रला फोन लावला.

"मच्छिंद्र, आमच्या घरी कोणी वर आलं का? बाई वगैरे?"

"न्हाई साहेब. तुमच्या घरात सकाळपास्नं फकस्त आवाज येतोय, मानूस कोन न्हाई आलं."

"आवाज? कसला?"

"बाळाचा. गेटापत्तुर येतोय. आन् मधनंच कोनतरी गातंय. ब्येस गातंय पर."

आमोदने फोन हळूच ठेवला. त्याला एकही अंगाई येत नव्हती. तो पृथ्वीराजला बातम्या वाचून दाखवत असे.

आता मात्र डोळ्यांत तेल घालून बसायचं ठरवून त्याने खुर्ची झोळीच्या तोंडाशी ओढली, हातात लाटणं घेतलं आणि चहाचा कप पुढ्यात ठेवला. बाहेर टळटळीत दुपार होती. सगळी सोसायटी कामावर गेलेली, लिफ्टसुद्धा हलत नव्हती. आमोद झोळीकडे पाहत राहिला. झोळी त्याच्याकडे पाहत राहिली.

नंतर त्याला जाणवलं ते एवढंच, की मान अवघडली आहे आणि हातात लाटण्याऐवजी खुळखुळा आहे. फळ्यावर दोन ओळी वाढल्या होत्या.

'१२.४० – लंगोट बदलला. मांडीला पुरळ आहे, खोबरेल लावलं.'

आणि त्याखाली : 'बापाचा चहा गार झाला. बापाला झोप नाही.'

आमोदने कपाला हात लावला. चहा गारढोण होता. एवढ्यात झोळीतून आवाज आला. पृथ्वीराज जागा होता आणि खुदखुदून हसत होता. बापाकडे पाहून नव्हे. तो खिडकीजवळच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे पाहत होता.

कॅमेऱ्याचा लाल दिवा कपाटावर लुकलुकत होता. मोबाइल उघडून मागचं चित्रण पाहणं दोन मिनिटांचं काम होतं. आमोदने मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. पाहिलं आणि खरंच काही दिसलं तर? तनुजाला फोन करावा, तर परीक्षा नापास. राहिली मालिशवाली गोदाबाई. ती रोज सकाळी येऊन बाळाला न्हाऊ घालत असे, आणि तिला फोन करायला बंदी नव्हती.

"आरं द्येवा," सगळं ऐकून गोदाबाई म्हणाली. "सटवाई हसवती त्याला. हसवू दे, ती काय करत न्हाई. पर दूध पाजून बाटली धुती म्हंजी सटवाई न्हवं. सटवाई बाटल्या धुत न्हाई."

"मग कोण?"

"त्ये काय मला फोनवर दिसतंय का? तू आदी त्याची दृष्ट काढ. मीठ, मव्हरी, सात लाल मिरच्या. वरनं उतरवायच्या आन् तव्यावर जाळायच्या. ठसका लागला तर काय न्हाई. ठसका न्हाई लागला तर समजायचं, काम वाईट हाय."

एरवी आमोदने हे हसण्यावारी नेलं असतं. आज त्याने पृथ्वीराजवरून मिरच्या सात वेळा उतरवल्या, त्याला आतल्या खोलीत पलंगावर ठेवलं, दार लावलं आणि मिरच्या तव्यावर टाकल्या. त्या तनुजाने भाजीला रंग यावा म्हणून आणलेल्या बेडगी मिरच्या होत्या. रंगाला उत्तम, तिखटाला बिचाऱ्या. धूर झाला, पण ठसका काही लागेना. आमोदने तव्यावर नाक नेलं, छातीभरून श्वास घेतला. काही नाही. काम वाईट होतं, अगदीच वाईट.

अजून सात टाकल्या. तरी काही नाही. मग त्याला फडताळात इंदुबाईंनी अमरावतीहून आणलेली पिशवी दिसली. त्यात भिवापुरी मिरच्या होत्या. विदर्भातली माणसं ही मिरची एकेक मोजून आमटीत टाकतात. आमोदने एक मूठभर घेतली, तव्यावर टाकली, गॅस मोठा केला आणि ठसका लागेपर्यंत बाळापाशी थांबावं म्हणून आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसला. पलंग मऊ होता.

यानंतर त्याला कळलं ते हे, की आपण खाली पार्किंगमध्ये उन्हात उभे आहोत, आगीचा भोंगा कोकलतोय आणि आजूबाजूला चाळीसेक माणसं खोकतायत. सातव्या मजल्यावरचे, सहाव्या मजल्यावरचे, एक आजोबा तर अर्धी दाढी केलेले. आपण खाली कधी आलो, कसे आलो, त्याला काही आठवेना. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"बाळ!" आमोद ओरडला. "बाळ वर राहिलं!" जिन्याकडे तो असा सुटला की खोकणारी माणसं भराभर बाजूला झाली. मच्छिंद्रने दोन्ही हात पसरून त्याला अडवलं.

"ओ साहेब! कुटं निघाला?"

"सोड मला! बाळ वर आहे! कोणीतरी आहे रे त्याच्याबरोबर!"

"आवो, मग पोटाला काय बांधलंय?"

आमोदने खाली पाहिलं. पृथ्वीराज त्याच्या छातीशी होता, बाळाला बांधायच्या पट्ट्यांच्या पिशवीत. तिची सहाही बकलं घट्ट लागलेली होती. त्या पिशवीचं एक बकल आमोदला लागत असे, तर दुसरं सुटत असे. बाळाच्या डोक्यावर धुराला आडोसा म्हणून ओला पंचा टाकलेला होता. पृथ्वीराजने बापाकडे पाहिलं आणि जांभई दिली. आमोद तिथेच, कोणाच्या तरी स्कूटरवर बसला आणि चाळीस माणसांसमोर हमसून हमसून रडला.

अशा शुभ मुहूर्तावर फाटकातून दोन रिक्षा आत आल्या. एकीत इंदुबाई होत्या, दुसरीत तनुजा. सोसायटीच्या ग्रुपवर 'सातव्या मजल्यावर आग' असा मेसेज गेला होता.

"अहो आई," आमोद उठून म्हणाला, "न्या त्याला. गुरुवारीच न्या. मी नापास झालो. पण त्या घरात काहीतरी आहे हो, त्याला तिथे ठेवू नका."

वर जाऊन खिडक्या उघडल्या गेल्या. गॅस कोणीतरी आधीच बंद केला होता. तनुजाने फळा वाचला. मग मोबाइल काढला आणि कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. आमोदने तोंड फिरवलं.

"इकडे बघ," ती थोड्या वेळाने म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. "आमोद, बघ ना."

चित्रात सोफ्यावरून आमोद उठत होता. डोळे मिटलेले, मान कलती. तशाच मिटल्या डोळ्यांनी त्याने दूध कोमट केलं, बाटली धरली, बाळाला खांद्यावर टाकून ढेकर काढला. उजव्या हातात बाळ होतं म्हणून डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं. टोपडं बांधलं, झोळी हलवली आणि खड्या आवाजात अंगाई म्हटली. त्याने लंगोट बदलला, तो तनुजाहून नीट. गॅस बंद केला, पंचा ओला केला, सहा बकलं सहा सेकंदांत लावली आणि दार ओढून निघून गेला.

"म्हणजे भूत बित काही नाही," तनुजा म्हणाली. "झोपेतला तू आहेस. आणि जागेपणीच्या तुझ्यापेक्षा बराच हुशार आहेस."

आमोद हसायला लागला, पण हसू अर्ध्यात थांबलं. तनुजाने चित्रण मागे नेऊन आणखी एक जागा लावली होती. साडेबाराची वेळ. झोपेतला आमोद बाळाला घेऊन खिडकीजवळच्या रिकाम्या आरामखुर्चीसमोर उभा होता. त्याने बाळाला दोन्ही हातांनी खुर्चीकडे पुढे केलं, आणि आवाज अगदी स्पष्ट आला.

"आई, धर गं जरा. हात भरून आले माझे."

तो तसाच उभा राहिला, कितीतरी वेळ. पृथ्वीराज खुर्चीकडे पाहून हसत होता. मग आमोदने मान डोलावली, जशी कोणी काही सांगितल्यावर डोलावतात, आणि बाळाला परत छातीशी घेतलं.

तिघांनीही त्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिघांनीही पटकन नजर काढून घेतली.

इंदुबाई उठल्या. त्यांनी पृथ्वीराजला तनुजाच्या मांडीवर दिलं, स्वतःचा रुमाल काढून आमोदच्या डोक्याला कानांवरून गच्च बांधला आणि त्याला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. "झोपा," एवढंच म्हणाल्या. डिंकाची पिशवी त्यांनी तनुजाच्या हातात दिली, "लाडू आज रात्रीच वळायचे," आणि मग अमरावतीला नवऱ्याला फोन लावला.

"अहो, गुरुवारची तिकिटं रद्द करा. कोणी येऊन नाही राहिलं. मीच थांबते इथं महिनाभर. घरात बाळंतीण आहे, तिचं कोण करणार?"

पलीकडून रंगरावांनी तनुजाच्या प्रकृतीची काळजीने चौकशी केली असावी.

"तनुजाला काय धाड भरली?" इंदुबाई दबक्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार अलगद लोटलं. "मी जावईबापूंचं सांगून राहिली."