अस्वलाची अर्धवट पुस्तकं

मुलांनो, एका जंगलात त्रिंबक नावाचं अस्वल राहत होतं. गुहा ऐसपैस, पण आत पुस्तकंच पुस्तकं. त्याची बायको गोदाक्का पाहुण्यांना बाहेर जांभळीखाली बसवायची. म्हणायची, "आत हे आणि ह्यांची पुस्तकं. तिसऱ्याला जागा नाही."

एकदा सिंहमहाराजांनी फर्मान काढलं : गुहा आटोपशीर ठेवा. पसारा दिसेल त्याची रवानगी तळ्यापलीकडच्या उजाड माळावर. महाराजांनी स्वतःची गुहाही रिकामी केली होती. भिंतीवर फक्त स्वतःची तसबीर ठेवली होती.

तपासणीला नेटके नावाचा ससा आला. तो आवराआवरीतला तज्ज्ञ होता. म्हणजे त्याच्या बिळात आवरण्यासारखं काहीच नव्हतं.

"नियम सोपा आहे," नेटके म्हणाला. "वाचून झालेलं पुस्तक ठेवायचं नाही, कारण ते वाचून झालं. न वाचलेलं ठेवायचं नाही, कारण ते तुम्ही वाचणार नाही. उद्या गाडी घेऊन येतो."

"बरं झालं!" म्हणत गोदाक्कानं पदर खोचला आणि पहिला गठ्ठा उचलला.

त्यातून चटण्यांचं एक पुस्तक खाली पडलं. पहिल्या पानावर त्रिंबकचं तरुणपणचं अक्षर होतं : 'कु. गोदास. वाचून झाल्यावर परत करावे. परत करायला स्वतः यावे.'

गोदाक्का मटकन खाली बसली. "अहो, हे मी परत केलंच नाही."

"केलंस की," त्रिंबक म्हणाला. "लग्न करून आलीस, तेव्हा तुझ्या पेटीत होतं."

मग दुसरं पुस्तक उघडलं. त्यावर त्रिंबकच्या आईचा मधाचा पंजा उमटला होता. पानं कायमची चिकटली होती. गोष्टीत पुढं काय झालं, ते त्रिंबकला कधीच कळलं नव्हतं. तरी दर वेळी गुहा बदलताना ते त्यानं छातीशी धरून आणलं होतं.

गोदाक्कानं डोळे पुसले. "अहो, अर्धवट वाचलेल्यांबद्दल ससा काही बोलला का हो?"

त्रिंबकनं आठवून पाहिलं. "नाही बुवा."

दोघं कामाला लागली. न वाचलेली पुस्तकं थोडी थोडी वाचली. वाचलेली पुन्हा सुरू केली. प्रत्येकात खुणेला पळसाचं पान घातलं.

दुसऱ्या दिवशी नेटके पुस्तकं उघडून बघू लागला. "हे अर्धवट. हेही अर्धवट. अहो, ही पुरी कधी करणार?"

"घाई काय आहे?" गोदाक्का म्हणाली. "बसा, चहा टाकते. तोवर हे चाळा."

नेटके चाळू लागला. चहा गार झाला. गाडीचे रेडे कंटाळून जुवासकट पाण्यात जाऊन बसले. संध्याकाळी ससा उठला, तेव्हा पुस्तक त्याच्या काखेत होतं.

"अर्धं झालंय," तो लाजत म्हणाला. "नेऊ?"

महाराजांना त्यानं एका ओळीचा अहवाल पाठवला : 'गुहेत काम चालू आहे.'

तात्पर्य : हाती घेतलेलं काम कधीही तडीस नेऊ नये. पुरं झालेलं सगळं लोक रद्दीत घालतात.