पांढऱ्या पेशींचा तात्पुरता चार्ज

सिडकोतले आमचे शेजारी सोनवणेमामा रोज सकाळी सात वाजता बायकोच्या अंगातल्या पांढऱ्या पेशींना दम देतात. मामी पलंगावर पाय लांब करून बसतात, मामा समोर सावधानमध्ये उभे राहतात आणि सामाईक भिंतीतून मला स्वच्छ ऐकू येईल इतक्या आवाजात सुरू होतात, "अरे, ही घरचीच बाई हाय. वळखत नाय व्हय?"

मामा वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं गेटवर पहारेकरी होते. त्यामुळे मामींना मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तो आजार मामांना आम्हा शिकलेल्यांच्या आधी कळला. शरीराचे पहारेकरी घरच्याच नसांवर धावून जातात आणि त्यांचं आवरण सोलतात. मामांच्या मते ही भरतीतली चूक आहे.

डॉक्टर पुढे असंही म्हणाले, की याच पहारेकऱ्यांत सूज उतरवणारे निरोपही फिरत असतात. काही निरोप हल्ला आवरतात, काही मज्जापेशींना तग धरायला मदत करतात. त्यांचं औषध करता येईल का, यावर संशोधन चालू आहे. मामांनी यातून एवढंच घेतलं, की या पहारेकऱ्यांना आवरणारा सुपरवायझर आहे, पण अजून ड्युटीवर आलेला नाही. दर तपासणीला ते विचारतात, "साहेब, जॉईन झाला का?" डॉक्टर नाही म्हणतात. मग तोवर चार्ज तात्पुरता माझ्याकडं, असं सांगून मामा नेहमीच्या औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर येतात.

हा चार्ज गल्लीलाही लागू आहे. माझं आणि समोरच्यांचं पार्किंगवरून वाजलं, तेव्हा मामा मध्ये येऊन म्हणाले, "सूज वाढवू नका." दोघांनीही आपापली गाडी हातभर मागं घेतली आणि भांडण तिथंच मिटलं. उन्हानं मामींचे पाय जड होतात, म्हणून त्यांचा कूलर फेब्रुवारीतच सुरू होतो. कूलरच्या वरताण मामांचा आवाज चढतो.

गेल्या महिन्यात मी वैतागलो. रविवारी तरी हळू बोला, असं सांगायला गेलो. पेशींना ऐकू येत नाही, हेही सुनावलं. मामी आत अंघोळ करत होत्या. मामांनी मला खुर्ची दिली.

"मला काय ठावं नाय व्हय ते," ते म्हणाले. मग सांगू लागले. मागच्या वर्षी या आजाराचा अटॅक आला आणि मामींना आठ-दहा दिवस नीट दिसेना. मामा चहा घेऊन गेले आणि घे म्हणाले. मामींनी आवाजाकडे मान वळवून विचारलं, कोण हाय.

"तीस वर्षं रातपाळी केली. दिवसा नुसता झोपायचो. हिनं माझा आवाज ऐकलाच कुठं? पुन्हा दिसंना झालं, तर निदान आवाज तरी वळखू आला पायजे."

मला माझीच लाज वाटली. उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सात वाजून गेले, तरी भिंतीपलीकडून काही ऐकू येईना. मामा माझ्यासाठी हळू बोलत होते. मी जाऊन त्यांचं दार वाजवलं आणि म्हणालो, मामा, मोठ्यानं बोला.